चौऱ्याण्णव हजार डॉलरचं स्थळ

चिखलीत मी पंधरा वर्षं लोकांना डॉलर कधी घ्यावा आणि कधी विकावा हे शिकवत होतो. शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी डॉलरची नोट कधी हातात धरलेली नव्हती. शिकून गेल्यावरही धरली नाही, कारण या धंद्यात ती लागतच नाही. हे पहिल्या दिवशी सांगितलं की दोन-चार जण उठून जायचे. जे उरत त्यांच्याकडून मी फी घ्यायचो.

त्याआधी मी एका खासगी बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरीला होतो. वडील आजारी पडले म्हणून गावी आलो आणि मग परत गेलो नाही. गावात माझ्या विद्येचा उपयोग काय, असा प्रश्न होता. घरचे म्हणाले, तुला येतं तेच शिकव. कोणाला शिकवू, हे त्यांनी सांगितलं नाही.

वर्ग एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होता. खाली खतं, बियाणं आणि फवारणीची औषधं, वर खुर्च्या, तीन संगणक, एक फळा आणि मी. पेरणी आटोपून फवारण्या सुरू झाल्या की औषधांचा वास जिन्यानं वर यायचा आणि माझ्या तासाला बसायचा. पाटीवर मी ‘विदेशी चलन : तांत्रिक विश्लेषण वर्ग’ असं रंगवून घेतलं होतं. त्यातलं ‘विदेशी’ एवढंच वाचून लोक जिना चढत. पासपोर्ट काढून मिळेल का, दुबईत ड्रायव्हरची जागा आहे का, असं विचारत. बीबी गावचा एक माणूस आला होता. लोणारचं सरोवर पाहायला आलेल्या कुठल्याशा परदेशी बाईनं त्याला खूश होऊन एक नोट दिली होती, तिचा भाव त्याला हवा होता. नोट कुठल्या देशाची हे मलाही ओळखू येईना. त्याला वाटलं, मी भाव पाडतोय. “सर, तुमाले नसन घ्यायची तं नका घेऊ, पण नोटेले नाव ठेवू नका,” असं म्हणून तो खाली गेला आणि कृषी केंद्रवाल्याला तिचा भाव विचारला. त्यानं त्याला चहा पाजून बीबीच्या गाडीत बसवून दिलं.

तांत्रिक विश्लेषण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. डॉलरचा भाव का बदलतो, म्हणजे तेल, व्याजदर, लढाई, निवडणूक, यात शिरायचं नाही. तो आजवर कसा बदलत आला एवढंच आलेखावर पाहायचं आणि पुढचा अंदाज बांधायचा. बाजार समितीत तुरीचा हर्रास, म्हणजे लिलाव, होतो तेव्हा सकाळचा पहिला भाव, दिवसातला सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि शेवटचा, हे चार भाव आपल्या लोकांना तोंडपाठ असतात. तेच चार भाव एका उभ्या कांडीत बसवले की झाली कॅन्डल. शेवटचा भाव पहिल्यापेक्षा वर असेल तर कांडी हिरवी, खाली असेल तर लाल. अशा पुष्कळ कांड्या शेजारी शेजारी लावल्या की भाव कुठल्या पातळीवरून पुन्हा पुन्हा उचलला जातो आणि कुठल्या पातळीला अडतो हे दिसायला लागतं. खालच्या पातळीला आधार म्हणायचं, वरच्या पातळीला अडसर. एवढं कोणालाही एका सकाळी समजतं.

समजत नाही ती गोष्ट म्हणजे स्टॉपलॉस. सौदा करतानाच ठरवायचं की भाव अमुक इतका उलटा गेला तर आपण चुकलो असं मानायचं आणि तोटा घेऊन बाहेर पडायचं. हे संगणकाला आधीच सांगून ठेवता येतं, मग तो आपल्याला न विचारता सौदा तोडतो. माझ्याकडे आलेल्या दहांतल्या नऊ जणांना हा उघड उघड अपमान वाटायचा. आपण चुकणार हे आधीच कसं लिहून द्यायचं?

मेहकर रस्त्याचे एक बागायतदार काका होते. जमीन भरपूर, माणूस दिलदार, वर्गासाठी एकदा स्वखुशीनं पंखा घेऊन आले होते. त्यांनी माझं न ऐकता खऱ्या पैशानं डॉलर घेतला आणि डॉलर घसरायला लागला. मी म्हटलं, काका, बाहेर पडा. ते म्हणाले, “काऊन? माल घरात पडू द्या. खाते का काही?” सोयाबीनच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं. भाव नसला की पोती घरात लावायची आणि थांबायचं, हे त्यांच्या बापापासून चालत आलेलं होतं. पण आमच्याकडचा डॉलर म्हणजे कागदावरचा करार. महिन्याच्या शेवटी त्याची मुदत संपते आणि त्या दिवशीच्या भावानं हिशेब होऊन तो नाहीसा होतो. पुढच्या सोमवारी काका आले.

“सर, माहा डॉलर दिसून नाही राह्यला.”

“संपला काका.”

“संपला म्हंजे? म्या तं इकलाच नाही.”

मी पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पडद्याकडे एकदा पाहून म्हणाले, “सोयाबीनले कधी असं झालं नाही.” त्यानंतर ते आले नाहीत. पंखा मात्र ठेवून गेले.

आमच्या जिल्ह्यात अक्षय तृतीयेला घट मांडून पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. त्यात देशाच्या तिजोरीचीही खबर असते. दुसऱ्या दिवशी वर्गातला पहिला अर्धा तास त्या तिजोरीवर जायचा. तिजोरीत तंगी सांगितली तर रुपया पडणार, म्हणजे डॉलर घ्यायचा का, असं विचारायचे. मी म्हणायचो, आपण फक्त आलेख पाहतो. ते म्हणायचे, “सर, घटबी आलेखच हाये.” 

असे अनुभव आल्यावर मी एक नियम केला. पहिले सहा महिने कोणी खऱ्या पैशाला हात लावायचा नाही. संगणकावर सरावाचं खातं मिळतं. त्यात सौदे करून देणारी कंपनी एक लाख खोटे डॉलर देते. भाव खरे, बाजार खरा, फक्त पैसे खोटे. त्यात नियमानं खेळून दाखवा, मग पुढचं बोलू. माझ्या लेखी सगळ्या शिकवण्यात हाच एक भाग कामाचा होता. पण त्या खात्यात एका कोपऱ्यात एक बटण असतं. पैसे बुडाले की ते दाबायचं, लगेच परत एक लाख होतात. माझा प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी ते बटण दाबायचा. काही जण तर दर सोमवारी दाबायचे, नवा आठवडा म्हणून. सहा महिने नियमानं कोणी काढल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे आपण शिकवतो ते खऱ्या बाजारात चालतं की नाही, हे मला कधी पाहायलाच मिळालं नव्हतं. अर्धवट शिकून गेलेले बुडाले तर त्यात नवल नव्हतं. पूर्ण शिकलेला माणूस एकही नव्हता.

मग वैभव आला. उंद्रीचा, तिशीला टेकलेला, एकुलता एक. घरी मिरची आणि अद्रक, विहिरीला पाणी, डोक्यावर कर्ज नाही. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, कशासाठी शिकायचंय?

“लग्नासाठी.”

मी पेन खाली ठेवलं. त्यानं सगळं सरळ सांगितलं. आजवर आलेली स्थळं एकाच वाक्यावर परत गेली होती, ते म्हणजे ‘पोरगा शेती करते’. मिरचीचा हिशेब दाखवला तरी कोणी वाचत नव्हतं. त्याचे अवचितमामा स्थळं जुळवायचे. ते म्हणाले होते, बायोडाट्यात शेतीच्या पुढं काहीतरी लिहाले पायजे, काय लिहू ते सांग. वैभवनं येता-जाता माझी पाटी वाचलेली होती.

लग्नासाठी आलेला मुलगा महिन्याभरात गळेल असं मला वाटलं होतं. तो गळला नाही. पहाटे मिरची तोडायच्या बायांसोबत शेतात, माल गाडीवर चढवला की मोटारसायकलनं चिखली, आणि नऊला बाजार उघडायच्या आत माझ्यासमोर खुर्चीत. हाताला मिरचीचा तिखटपणा असायचा म्हणून डोळ्याला हात न लावता बसायचा. सुरुवातीला त्याचे सौदे सपाटून आपटले. त्याचे लाखाचे ऐंशी हजार झाले. बटण दाबेल म्हणून मी वाट पाहत होतो. त्यानं दाबलं नाही. सौदे लहान केले, स्टॉपलॉस एकदाही हलवला नाही, आणि महिन्यामागून महिने मुंगीच्या चालीनं तो चौऱ्याण्णव हजारांवर आला. म्हणजे अजूनही सहा हजारांनी तोट्यातच होता. पण मी इतक्या वर्षांत असा आलेख पाहिला नव्हता. सहा महिने कधीच उलटून गेले होते. पुढच्या महिन्यात थोड्या खऱ्या पैशानं त्याची सुरुवात करून द्यायची, असं मी ठरवलं होतं. त्या महिन्याची वाट त्याच्यापेक्षा मीच जास्त पाहत होतो, हे इथे सांगायला हवं.

त्याच सुमारास त्याचे वडील रामदासभाऊ खाली खत घ्यायला आले आणि पोरगं काय करतं ते पाहायला वर आले. पडद्यावर आकडा होता. त्यांनी तो बोटानं एकेक अंक धरून वाचला.

“हे आपलेच का बे?”

“आपलेच, पण खोटे,” वैभव म्हणाला.

मीही म्हटलं, भाऊ, हे सरावाचे पैसे आहेत. त्यांनी मान हलवली. मग मला त्या दिवसाचा डॉलरचा भाव विचारला. मी सांगितला. जिना उतरेपर्यंत त्यांनी तोंडी हिशेब केला होता, कारण खाली कृषी केंद्रवाल्याला ते ‘अठ्ठ्याहत्तर लाख’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी वैभवला मी विचारलं, वडिलांना नीट सांगितलंस का? तो म्हणाला, “सर, रातच्याला दोनदा सांगतलं. बाबा म्हणते, नकली असते तं कंपनीनं दाखवले कायले असते?”

उंद्रीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. वैभवचे परदेशात पैसे आहेत, चौऱ्याण्णव हजार डॉलर आहेत, तो रोज चिखलीला जाऊन ते राखतो, असं लोक बोलू लागले. पंधरवड्यात अवचितमामा वरवट बकालचं स्थळ घेऊन आले. मुलगी प्रणाली, शिकलेली, खामगावला एका दवाखान्यात हिशेबाचं काम पाहणारी. वडील वसंतराव, संत्र्यांचे बागायतदार. मुलीला शेती करणारा मुलगा नको असं त्यांनी मामांना आधीच बजावलेलं होतं.

आमच्याकडे रीत अशी की मुलगी दाखवायच्या आधी मुलीकडची पुरुष मंडळी मुलाचं घर पाहून जातात. घर पाहतात, विहिरीत डोकावतात, गोठा पाहतात, आणि जाता जाता शेजाऱ्याला सहज विचारल्यासारखं सगळं विचारून घेतात. वैभव एका सकाळी बाजार सुरू व्हायच्या आधी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“सर, पाव्हणे येऊन राह्यले. पण घर पाह्याले नाही. वर्ग पाह्याले.”

“इथे काय पाहणार?”

“म्हणे, पोरगा जिथं कमावते ते पाहू. सर, त्यायनं विचारलं तं तुम्ही खरं सांगजा.”

“तूच का सांगत नाहीस?”

“मामाले सांगतलं व्हतं. मामा म्हणे, लाजू नको.”

मी त्याला म्हटलं, मी खरं सांगितलं तर हे स्थळ जाईल. तो मान डोलावून म्हणाला, हाव. मग म्हणाला, “लगन व्हावं असं लय वाटते, सर. पण तिले घरी आणून मंग सांगणं बरं नाही.” तो खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं संगणक सुरू केला. मला त्या दिवशी शिकवताना दोनदा आकडे चुकले.

पाहुणे एका जीपमधून आले. वसंतराव, त्यांचे दोन भाऊ आणि दोन सोयरे. सोबत रामदासभाऊ आणि अवचितमामा. मंडळींनी वर्ग पाहिला. एकानं खुर्च्या मोजल्या, एकानं लाइट गेली तर काय असं विचारून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आहे का ते वाकून पाहिलं, तिसऱ्यानं खोलीचं भाडं विचारलं. विहीर नसल्यामुळे त्यांना डोकावायला दुसरं काही नव्हतं. मग सगळे वैभवच्या मागं उभे राहिले. मामा म्हणाले, “वैभव, पाव्हण्यायले एक सौदा करून दाखव.”

डॉलर त्या आठवड्यात एका पातळीवरून पुन्हा पुन्हा उचलला जात होता. भाव तिथे आल्यावर वैभवनं घेतला आणि थोड्या खाली स्टॉपलॉस लावला. मी पाहुण्यांना आधार म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. मी सांगत असतानाच आधार तुटला. कांडी लाल झाली, खाली आली आणि संगणकानं सौदा तोडला. वैभवनं वहीत एक ओळ लिहिली आणि हात बाजूला घेतला.

“काय झालं?” वसंतरावांच्या भावानं विचारलं.

“तोटा झाला काका,” वैभव म्हणाला.

“मंग तू असा निवांत काऊन बसला?”

“आधीच ठरवेल व्हता तेवढाच झाला.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वसंतराव आतापर्यंत काही बोलले नव्हते. शांत माणूस. बागेत झाडावरचा माल पाहून सौदे करणारी माणसं असतात, तसे ते पडद्याकडे पाहत होते. त्यांनी मला विचारलं, “सर, हे पैसे कोनाचे?”

अवचितमामा खोकले. वैभवनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, “कोणाचेच नाहीत. सरावासाठी कंपनीनं दिलेले खोटे पैसे आहेत. वैभवनं अजून एक रुपयाही कमावलेला नाही. तो मिरची आणि अद्रक पिकवतो.”

“सराव म्हंजे पाव्हणे, एक परकारचा अनुभवच...” मामांनी सुरू केलं.

“आन् सुरुवातीले किती व्हते?” वसंतराव.

“एक लाख.”

“म्हंजे नकलीतबी तोटा.”

“सहा हजारांचा,” मी म्हटलं. “आता थोडा जास्त.”

त्यांचा भाऊ हसला. बाकीच्यांना हसावं की नाही ते ठरवता येईना. रामदासभाऊ माझ्या टेबलाची कड धरून उभे होते. त्यांनी मुलाला विचारलं, “म्हंजे अठ्ठ्याहत्तर लाख नाहीत?”

“नाहीत बाबा.”

“मंग तू रोज येतो कायले?”

त्या माणसाकडे पाहून मला फार वाईट वाटलं. त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं. पडद्यावर दिसलं ते खरं मानलं, एवढंच.

आता मंडळी निघणार, म्हणून मीच बोलायला लागलो. स्थळ राहावं म्हणून बोललो असं नाही. माझा विद्यार्थी नकली पैशातही बुडला, एवढंच ऐकून ते वरवट बकालला जाणार होते आणि ते मला सहन होईना. मी वसंतरावांना कोपऱ्यातलं ते बटण दाखवलं. बाकीचे सगळे काय करतात ते सांगितलं. यानं ऐंशी हजारांवरून इथपर्यंत कसं आणलं तेही सांगितलं.

“यानं हे बटण किती खेपा दाबलं?”

“एकदाही नाही.”

ते वैभवकडे वळले. “काऊन?”

वैभवनं विचार केला. “दाबलं तं ते पैसे माह्ये राह्यत नाहीत, काका.”

 खालून चहा-पोहे आले. मंडळींनी चहा घेतला, पोहे घेतले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ नकार असाही होतो आणि विचार करून सांगतो असाही होतो. जीप गेली. वैभवनं बशा गोळा केल्या, खाली नेऊन दिल्या आणि परत येऊन पुढच्या सौद्याची पातळी शोधायला लागला. मामांनी नंतर आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं, असं कळलं.

आठवड्यानं, तास सुरू असताना एक मुलगी जिना चढून आली. खामगावच्या बसनं आल्याचं धुळीवरून दिसत होतं. “मी वरवट बकालची,” एवढंच म्हणाली आणि मागच्या खुर्चीवर बसली. वैभवचं पडद्यावरचं लक्ष उडालं, तरी तो पडद्याकडेच पाहत राहिला. तिनं पूर्ण तास ऐकला. बाकीचे गेल्यावर ती पुढं आली.

“सर, बाबायनं सगळं सांगतलं. त्यायले पोरगा पसंत हाये. म्हणे, जो नकली हिशोबात लबाडी करत नाही तो खऱ्यात काय करीन. मी म्हटलं, मी सोता पाहून येते.”

“तुम्हाला शेती करणारा नको होता ना?”

“नको व्हता. पण खरं काम लपवणारे चार पाह्यले मधात. एकजण इंजिनेर सांगतला, तो पंप दुरुस्त करत व्हता. पंप दुरुस्त करणं काही वाईट नाही, पण मंग सांगाचं ना तसं.” मग ती पहिल्यांदाच वैभवशी बोलली. “माही एक अट हाये. हे सोडाचं. नकलीबी अन् खरंबी.”

वैभवनं विचारलं, “पैसे बुडतीन म्हणून?”

“नाही. नकली पैशासाठी तुम्ही रोज नऊच्या आत इथं येऊन बसता. खरे असले तं तुम्ही घरी कवा येसान?”

मी परकीय चलनाच्या बाजारातली पुष्कळ विश्लेषणं वाचली आहेत. एका वाक्यात इतकं नेमकं मी कुठे वाचलं नव्हतं. वैभवनं माझ्याकडे पाहिलं. “सर?”

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सौद्याची पातळीसुद्धा मी मनात धरून ठेवली होती. ‘तिला नको म्हणून सांग’ असं त्याला म्हणणं मला जमलं असतं. अट मोडून दोघांनाही पटेल असा मार्ग काढून देणंही जमलं असतं, मी बोलायला हुशार आहे. पण ती मुलगी बसचा प्रवास करून आली होती आणि मुलगा आठ महिने पहाटे उठून येत होता. मी म्हटलं, “सोडून दे.”  आणि मी फळा पुसायला लागलो.

माझ्यामागं वैभव तिला विचारत होता, “मिरची तोडाले तं पहाटे जावंच लागन. ते चालन का?”

“ते घरचंच हाये,” ती म्हणाली.

लग्न उंद्रीलाच झालं. मांडवात माइकवर एकजण मानकऱ्यांची नावं पुकारत होता आणि रामदासभाऊ एकेकाला टोपी, दुपट्टा आणि नारळ देत होते. मी मागच्या रांगेत होतो. जेवण करून शेवटच्या गाडीच्या आधी निघावं, असा विचार होता. विद्यार्थी गेल्याचं दुःख मला त्या दिवशीही होतं, आणि तो स्टेजवर बसलेला पाहून आनंदही होत होता.  माझं शिकवणं खऱ्या बाजारात टिकलं असतं की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. पुढं सरकारी नियम कडक झाला. ज्याची परदेशी चलनात खरोखरची देणीघेणी आहेत त्यानंच हे सौदे करायचे, असं ठरलं. चिखलीत अशी माणसं माझ्या तरी ओळखीची नव्हती. मी पाटी उतरवली. वैभवनंतर सहा महिने पूर्ण करणारा दुसरा कोणी आला नाही.

तर त्या मांडवात माइकवाल्यानं माझं नाव घेतलं. रामदासभाऊंनी त्याच्या कानात काही सांगितलं. मग तो मोठ्या आवाजात म्हणाला, “ज्यांच्या मार्गदर्शनामुळे चिरंजीव वैभव यांनी हा धंदा सोडला, ते चिखलीचे सर.”

मांडवात टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतले दोन म्हातारे वळून माझ्याकडे पाहायला लागले. रामदासभाऊंनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “सर, तुमच्यामुळं झालं.”

पंधरा वर्षांत माझ्या शिकवण्याचा जाहीर सत्कार झाला तो हा एवढाच. मी टोपी नीट बसवली आणि फोटोसाठी उभा राहिलो.